कोळशावर भाजलेला उलाँग: वास धुराचा नाही, पानाचाच

तैवानचा कोळशावर भाजलेला उलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं त्याला धुराचा वास येत असेल, पण चांगल्या भाजणीत धूर पानापर्यंत पोचूच देत नाहीत. धुराचा चहा वेगळा, चीनच्या फुजियानमधला लॅपसांग सुशाँग, तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर मुद्दाम सुकवतात. तैवानच्या भाजणीत मात्र लोंगन नावाच्या, लिचीच्या नात्यातल्या फळझाडाचा कोळसा घेतात, तो नीट पेटून धूर पार संपला की वर राखेचा थर पसरतात आणि त्यावर चहाची बांबूची टोपली ठेवतात. राखेमुळे ज्वाळ उठत नाही, आच मंद आणि एकसारखी राहते, आणि मग तासन् तास मधूनमधून पानं हलवत बसायचं.

मग तो खमंग वास येतो कुठून? पानातूनच.

तैवानमध्ये साधारण १००० मीटरच्या वर पिकणाऱ्या चहाला उंच डोंगराचा चहा म्हणतात, अलीशान, लीशान ही त्यातली मोठी नावं. तिथे थंडी आणि धुकं, पान सावकाश वाढतं, त्यात थिअनीनसारखी अमिनो आम्लं जास्त राहतात आणि तुरटपणा देणारे कॅटेचिन कमी, म्हणून हा चहा न भाजताही गोडसर, दाट आणि फुलांच्या वासाचा लागतो. आता हेच पान आचेवर धरलं की अमिनो आम्लं आणि साखर यांची एकमेकांशी रिअ‍ॅक्शन सुरू होते, तिला मेलार्ड रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि त्यातून पायराझीन नावाची संयुगं तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यात आणि कॉफीतही हीच मंडळी असतात, त्यामुळे कपातून शेंगदाण्याची आठवण आली तर तो भास नाही, रसायनच तसं आहे!

पण हे फुकट मिळत नाही. लिनालूल वगैरे फुलांच्या वासाची संयुगं हलकी, उष्णतेने उडून जातात, थिअनीनही कमी होतं. म्हणजे खमंगपणा वाढवायचा तर ज्यासाठी एवढ्या उंचावर पान पिकवलं तेच थोडं थोडं गमवायचं, आणि थांबायचं कुठे हे भाजणाऱ्याच्या नाकावर असतं. मला तरी लीशानचं पान काळं होईस्तोवर भाजणं म्हणजे नासाडी वाटते. जोरदार भाजणी तैवानच्याच नानतौ जिल्ह्यातल्या लुगूच्या तुंगतिंग चहाला शोभते, तिथे ती जुनी पद्धतच आहे. उंच डोंगराच्या पानाला मध्यम भाजणीच बरी, पहिल्या एकदोन कपांना भाजका वास पुढे असतो, आणि त्याच पानांवर परत परत उकळतं पाणी ओतत गेलं की तो मागे सरतो आणि खालचा गोडवा वर येतो.

आणि ताजा भाजलेला डबा लगेच फोडू नका, तेव्हा चव कडक, कोरडी लागते. काही आठवडे तसाच बंद राहू द्या.