बॅटरीची फुटलेली काच घरीच बदलताना

रब्बीत शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीत आली, की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि तापीकाठच्या गहू-हरभऱ्याच्या शिवारात माणसं बॅटरी घेऊनच पाणी भरायला निघतात. बांधावर मण्यार असते, घोणस असते. हातातल्या उजेडावर जीव अवलंबून असतो. तीच बॅटरी दगडावर पडून पुढची काच फुटली, की आत धूळ आणि ओल शिरते, एलईडीभोवतीची चकचकीत वाटी (रिफ्लेक्टर) मळते आणि धडधाकट एलईडीसकट ती भंगारात जाते. मला हे फार खटकतं, कारण दुरुस्ती अवघड नाही.

बहुतेक साध्या बॅटऱ्यांत झोत बांधायचं काम वाटी करते. पुढची चकती सपाट असते, तिचं काम धूळपाणी अडवण्याचं. म्हणून ती घरी कापता येते. झूमच्या बॅटरीतलं फुगीर भिंग मात्र घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. वक्रता जराशी चुकली तरी झोत विस्कटतो.

प्रकाश हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के परत फिरतो, बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. त्यामुळे स्वच्छ काचेतूनही ९२ टक्क्यांच्या आसपासच उजेड पार होतो. काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक चालतं. त्यातल्या ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो आणि किती परत फिरतो हे ठरवणारा आकडा) १.४९, म्हणजे काचेच्या जवळच, आणि तेही साधारण ९२ टक्के प्रकाश सोडतं. पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या, चिवट प्लास्टिकचा १.५८, ते दोनतीन टक्के कमी सोडतं, पण हातोडीचा घावही सोसतं. बॅटरी वारंवार पडत असेल तर मी पॉलिकार्बोनेटच घेईन, जरी त्यावर ओरखडे लवकर उठतात.

ॲक्रिलिक १०० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. जुन्या बल्बची उष्णता प्रकाशाबरोबर समोर यायची. एलईडीची उष्णता बहुतेक मागच्या धातूत उतरते. म्हणून एलईडीपुढे प्लास्टिक बिनधास्त चालतं. जळगावचं ४५ अंशांचं ऊनही त्याला वाकवत नाही.

जळगाव-धुळ्यात नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे २ मिलिमीटर ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे मिळतात. लेझरनं कापायचं यंत्र असेल तर तेच नेमकं गोल कापून देतात. पॉलिकार्बोनेट लेझरखाली करपतं, ते करवतीनंच कापावं. कोऱ्या सीडींच्या गठ्ठ्यावर येणारी पारदर्शक चकतीही बहुधा पॉलिकार्बोनेटचीच असते. मधलं भोक टाळून लहान बॅटरीपुरता तुकडा निघतो. वापरलेली सीडी खरवडून घेऊ नये. तिच्यावरच्या १.६ मायक्रोमीटर अंतराच्या खाचा प्रकाशाचे रंग वेगळे करतात आणि झोताभोवती इंद्रधनुष्य उमटतं.

घरी कापताना वरचा संरक्षक कागद काढू नका. बारीक दातांच्या पात्यानं आधी अष्टकोन कापा, मग कानसीनं गोल करा. घाई केली तर घर्षणानं प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. कडेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला की पुरे, कारण कड बॅटरीच्या पुढच्या रिंगखाली झाकली जाते. पृष्ठभागावर मात्र थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन लावू नका. बारीक तड्यांचं जाळं पसरतं आणि झोत धुरकट होतो. साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं पुरतं.

चकती फेविक्विकनंही चिकटवू नये. सुकताना त्याची वाफ आतून प्लास्टिकवर आणि वाटीवर पांढरी साय धरते. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पातळ रिंग कापून चकतीखाली बसवावी आणि बॅटरीची पुढची आट्यांची रिंग आवळावी; रबर दबून फट बुजते आणि पाणी आत जात नाही.