'मस्ट हॅव' म्हणजे 'लागलं' नव्हे

"सोमवारी आईला ॲडमिट करावं लागलं, म्हणून येऊ शकलो नाही." रजेच्या अर्जात हे इंग्रजीत उतरतं ते असं: 'आय मस्ट हॅव ॲडमिटेड माय मदर ऑन मंडे.' साहेब वाचतात: "सोमवारी मी आईला ॲडमिट केलं असणार." म्हणजे स्वतःच्याच आईबद्दल चिरंजीव अंदाज बांधतायत! असली वाक्यं खोडून खोडून माझं लाल पेन झिजलं.

शाळेत 'मस्ट' म्हणजे 'च पाहिजे' हे घोकलेलं असतं. त्याला 'हॅव' चिकटवलं की झाला भूतकाळ, असा हिशेब. पण सक्तीच्या 'मस्ट'ला भूतकाळ होतच नाही. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतलं 'मोस्टे' हे मुळात भूतकाळाचंच रूप. तेच पुढे वर्तमानात येऊन बसलं आणि मागची जागा रिकामी राहिली. ती 'हॅड टू'ने भरली. 'मस्ट हॅव'कडे उरला तो मुख्यतः तर्क.

मराठी वाक्याचं शेपूट बघा. शेजारच्या दाराला कुलूप, बाहेर चपला नाहीत, दुधाची पिशवी तशीच लटकतेय. "गावाला गेले असणार." इथे 'दे मस्ट हॅव गॉन'. संध्याकाळी त्यांचाच फोन येतो, "अहो, तातडीने निघावं लागलं." इथे 'वुई हॅड टू लीव्ह'. 'लागलं' आणि 'असणार' एवढंच पकडा. कर्त्याला 'ला' लागला की 'हॅड टू', अशी युक्ती काही जण शिकवतात. ती टाकून द्या. "त्याला ताप आला असणार" यात 'ला' आहेच, सक्ती कुठाय?

आणि "जावं लागलं असणार" असेल तर? दोन्ही: 'दे मस्ट हॅव हॅड टू गो'. 'हॅव हॅड' बघून दचकू नका, बरोबर आहे ते.

'शुड हॅव'चा बाऊ करण्यात अर्थ नाही. "जायला हवं होतं" म्हटलं की गेला नाही हे मराठीतच कळतं. "बस एव्हाना यायला हवी होती" हेही तसंच. 'गेला असेल'ला 'माइट हॅव', संपलं.

नकारात मात्र जपून. "जावं लागलं नाही" म्हणजे 'डिडन्ट हॅव टू गो'. "गेले नसणार"ला अमेरिकेत 'मस्ट नॉट हॅव गॉन' सर्रास चालतं. मी 'कान्ट हॅव गॉन'च लिहायला सांगतो. 'मस्ट नॉट' दिसलं की आपल्याकडे लगेच मनाईची पाटी आठवते.