गरमी आहे म्हणून हवा कमी?

मे महिन्यात हवा भरायला गाडी लावली की हमखास ऐकू येतं, "साहेब, गरमी आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेवतो." सांगणारा काळजीपोटीच सांगतो. पण सल्ला उलटा आहे, आणि त्यात जिवाचा धोका आहे.

माणसं धरून गाडीचं वजन 1200 किलो समजू. एका चाकावर 300 आले. टायरमधल्या हवेचा दाब 33 पीएसआय (हवावाल्याच्या भाषेत 33 पॉइंट) धरू, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.3 किलो. भागाकार केला की टायर रस्त्याला टेकतो ती जागा निघते: 130 चौरस सेंटिमीटर, जेमतेम आपल्या पंजाएवढी. अख्खी गाडी अशा चार पंजांवर धावते! हवा कमी झाली की तेवढंच वजन पेलायला टायर जास्त पसरतो आणि त्याची बाजू जास्त दुमडते. ताशी 100 च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास 15 वेळा फिरतं, म्हणजे रबराचा प्रत्येक भाग तितक्या वेळा दबतो आणि सुटतो. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिलं की वाकते तिथे ती चटका देते. टायरमध्येही तसंच होतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भागाची उष्णता होते. कमी हवेचा टायर स्वतःच स्वतःला तापवत जातो. समृद्धीसारख्या सरळ, लांबलचक रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गेलं की त्याला निवायला उसंत मिळत नाही. शेवटी आतले थर सुटतात आणि टायर फुटतो.

मग तापल्यावर दाब वाढतो त्याचं काय? वाढतोच. सकाळी 27 अंशांना 33 असलेला टायर 57 अंशांपर्यंत तापला, तर गेज सुमारे 38 दाखवेल. हे धरूनच टायर बनवलेला असतो. इथे घाबरून हवा सोडून पुन्हा 33 केली, तर निवल्यावर तो जेमतेम साडेअठ्ठावीसवर येतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका, हे मी घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवलंय.

म्हणून दाब थंड टायरचा बघायचा. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. आकडा बघायचा तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर दिसणाऱ्या स्टिकरवरचा. पुढचा-मागचा आणि भरल्या गाडीचा असे वेगळे आकडे तिथे असतात. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरली तर पकड कमी होते आणि टायर मधोमध झिजतो.

पंक्चर नसलं तरी रबरातून हवा झिरपते, महिन्याला एखादा पीएसआय सहज. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी तपासणी हवीच. नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो, पण साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. टायरमध्ये नायट्रोजन भरलाय म्हणून तपासणी चुकवू नये.

हवा भरून झाली की व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बघतात ना, ती जुनी रीत अगदी बरोबर आहे. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हची पिन गळतेय. टोपीही आठवणीने लावा, धूळ तिथूनच शिरते. आणि डिकी उघडून स्टेपनीचीही हवा बघा, कारण न वापरताही ती उतरत असते.