सजावटीचे क्लोजअप छायाचित्रण (खाद्यपदार्थ व पेये)

पदार्थ ताटलीत वाढून झाला, पेय पेल्यात ओतून झाले, की त्यावर शेवटी जे पेरतात, खोचतात किंवा वरून सोडतात, ते चौकट भरून टिपण्याचा छायाचित्रणाचा प्रकार. कोथिंबिरीचे पान, शेव, कच्चा कांदा, ओले खोबरे, केशराची काडी, पिस्त्याचे काप, चांदीचा वर्ख, पुदिन्याचा तुरा, संत्र्याच्या सालीची पट्टी हे त्याचे नेहमीचे विषय. पदार्थ ताजा, तोंडाला पाणी सुटेल असा दिसावा ही ओढ त्यात खाद्यछायाचित्रणाची, आणि मिलिमीटर-मिलिमीटरची शिस्त मॅक्रो छायाचित्रणाची. प्रस्तुत नोंद नागपूरच्या अंगाने लिहिली आहे, कारण इथल्या पुष्कळ पदार्थांत वरचे कोणते आणि आतले कोणते हे वेगळे काढताच येत नाही, आणि त्यामुळे छायाचित्रकाराचे काम बदलते.

तर्री पोहे घ्या. वाफेवर गरम ठेवलेले पोहे, त्यावर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा आणि त्याच्यावर तरंगणारे लाल तेल, म्हणजे तर्री, मग बारीक शेव, चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. कस्तुरचंद पार्काच्या बाजूला सकाळी उभ्याने ते ज्याने खाल्ले आहेत, त्याला तर्री ही नुसती शोभा आहे असे कुणी पटवू शकणार नाही. तिच्यावाचून तो पदार्थच होत नाही. मिरचीचा लाल रंग प्रामुख्याने कॅप्सँथिन या द्रव्याचा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून खालचा रस्सा तपकिरी राहतो आणि वर आलेले तेल लालभडक दिसते. सावजी रश्श्याचेही तसेच, फक्त तिथे खालचा मसाला काळपट असल्याने वरचा लाल थर आणखी उठून दिसतो. जवळून पाहिले तर हा थर सलग नसतो: लहानमोठे थेंब एकमेकांना चिकटलेले, मधूनमधून रश्श्याची खिडकी, कडेला मसाल्याची बारीक रवाळ रेघ. क्लोजअपचा खरा विषय ही कड आहे. वरची कोथिंबीर त्या कडेला मोजमाप देते.

कोथिंबिरीला विदर्भात सांबार म्हणतात. सांबारवडीत (हिलाच पुडाची वडी असेही नाव आहे) हा सांबार वरून भुरभुरत नाहीत, तर खसखस आणि सुक्या खोबऱ्यासह बेसनाच्या पारीत पोटभर भरतात. वडी मधोमध कापली की दिसणारा हिरवा गाभा हीच तिची सजावट. कापताना सुरी धारदार हवी आणि एकाच ओढीत चालवायला हवी. दाबून कापली तर पारी चुरते, सारण सांडते आणि हिरव्या रंगावर बेसनाची भुकटी बसते. ती भुकटी डोळ्यांना दिसत नाही, पण मॅक्रो लेन्समधून वाळूसारखी दिसते. वडाभातावर ओतलेल्या कडकडीत फोडणीत मोहरी आणि सुक्या मिरचीचे तुकडे भातावर राहतात आणि तेल खाली उतरते. शितांवर तेलाची चकाकी असते तेवढ्या अवधीतच तो फोटो मिळतो.

मोजमाप

मॅक्रो म्हणजे नुसते जवळून नव्हे. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा संवेदकावर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर) उमटली, तर त्याला एकास एक विशालन म्हणतात. पूर्ण चौकटीचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एकास एकला टपाल तिकिटाएवढी जागा चौकटीत मावते: कोथिंबिरीचे एक पान आणि शेवेचे दोन-चार तुकडे. या विशालनाला लेन्सचे छिद्र (उजेड आत येतो ती वाट; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ ८ वर ठेवले तरी स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १ मिलिमीटर उरते. शेवेची एक काडीही तिच्यात पुरती बसत नाही. विशालन निम्म्यावर आणले की हीच खोली सुमारे ३ मिलिमीटर होते, आणि पाव केले की साडेनऊच्या आसपास जाते. सजावटीच्या फोटोला एकास एक क्वचितच लागते असे माझे स्पष्ट मत आहे. पाव ते अर्धे या टप्प्यात पान ओळखू येते आणि ते कशावर पडले आहे हेही कळते. त्याहून जवळ गेले की कोथिंबीर उरत नाही, हिरवे रान उरते.

छिद्र लहान करून खोली वाढवावी, तर एफ १६ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळेच किंचित मऊ पडू लागते. शिवाय जवळ जाताना लेन्समधून येणारा उजेडही कमी होतो. एकास एकला एफ ८ चे छिद्र उजेडाच्या हिशेबात एफ १६ सारखे वागते. यावर उपाय म्हणून फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस फोटो काढून ते संगणकावर एकत्र करतात. बर्फी, लाडू, सुका मेवा यांना ही रीत मानवते. वाफाळत्या पोह्यांना नाही, कारण दुसरा फोटो काढेपर्यंत तर्रीचा थेंब पुढे ओघळलेला असतो.

९० ते १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्स या कामाला सर्वांत सोयीच्या, कारण लेन्स आणि ताटली यांत वितीभर तरी अंतर राहते. ५० किंवा ६० मिलिमीटरची लेन्स इतकी जवळ न्यावी लागते की तिची सावली पदार्थावर पडते आणि वाफ काचेवर बसते. नवी लेन्स घ्यायची ऐपत नसेल तर एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, हा चांगला मार्ग आहे. तिचा हिशेब सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की ट्यूबमुळे अर्धे विशालन मिळते. मोबाइलमध्येही आता मॅक्रोची सोय असते. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये २ सेंटिमीटरवरून फोकस होऊ लागला. मात्र बहुतेक फोनांत हे काम रुंद कोनाची लेन्स करते, त्यामुळे पुढचे पान प्रमाणाबाहेर मोठे आणि मागची ताटली आक्रसलेली दिसते. दोन पावले मागे येऊन टेली लेन्स वापरावी आणि मग फोटो कातरावा, हे बरे.

उजेड

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. त्यामुळे २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य इथे दुपारी नेमका डोक्यावर येतो; शून्य सावली म्हणतात ती हीच. सजावट टिपायला याहून वाईट उजेड नाही. शेव, दाणे, पान यांना उठाव येतो तो बाजूने पडणाऱ्या सावलीमुळे, आणि वरून ओतलेला उजेड ती सावलीच पुसून टाकतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो, आणि सकाळी पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी असते तेव्हा तर तो अगदी तिरपा असतो. त्या वेळी ऊन पाठीशी घेऊन नव्हे, तर उन्हाकडे तोंड करून फोटो घ्यावा. मागून आलेला उजेड कोथिंबिरीच्या पानातून आरपार जातो, शिरा दिसतात, वाफही दिसते. पुढची बाजू काळवंडली तर एखादा पांढरा कागद किंवा स्टीलच्या ताटाची पाठ धरून उजेड परतवता येतो. घरात असाल तर उत्तरेकडची खिडकी आणि तिला लावलेले जुने पांढरे धोतर पुरे.

तर्रीचा लाल रंग कॅमेऱ्याला जड जातो. एकूण उजेड बरोबर दिसत असतानाही लाल वाहिनी (कॅमेरा लाल, हिरवा, निळा उजेड वेगवेगळा नोंदवतो, त्यातली लाल नोंद) भरून वाहते आणि थेंबांमधले सारे बारकावे एकाच लाल डागात बुडतात. म्हणून कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा एकत्रित आलेख (हिस्टोग्राम) न पाहता लाल, हिरवा, निळा हे तीन वेगळे आलेख पाहावेत आणि लालाच्या हिशेबाने उजेड अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवावा. तेलावरची चकाकी कमी करायला ध्रुवक (पोलरायझर) फिल्टर चालतो; तो एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, उजेड अडवतो; पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून ५५ अंशांच्या आसपास कॅमेरा ठेवला तर तो सर्वाधिक परिणाम करतो. पण चकाकी पूर्ण काढू नये. ती गेली की तर्री वाळलेल्या रंगासारखी दिसते. चांदीच्या वर्खावर मात्र हा फिल्टर जवळजवळ निरुपयोगी, कारण धातूवरून परतलेला उजेड तेला-पाण्यावरच्या उजेडासारखा ध्रुवित होत नाही. संत्रा बर्फीवरचा वर्ख काळा किंवा पांढराफटक येतो तो याच कारणाने: वर्ख आरशासारखा असतो, जे समोर असेल ते दाखवतो. त्याच्यासमोर मोठा, मंद उजळलेला पांढरा पडदा धरला तरच सुरकुत्या आणि फाटक्या कडा दिसतात, आणि वर्खाचे सौंदर्य त्या फाटक्या कडांतच आहे. (वर्ख बनवताना प्राणिजन्य साहित्य वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये मनाई केली.)

सजावटीचे आयुष्य

या प्रकारात लेन्सपेक्षा घड्याळ महत्त्वाचे. कापलेली कोथिंबीर पाणी गमावत जाते आणि पेशींमधला ताण गेला की पान मान टाकते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी असते, तेव्हा ही गोष्ट काही मिनिटांत होते. गरम रश्श्यावर तर पान पडताक्षणी शिजू लागते. त्यातच लिंबू पिळले की आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग शेवाळी, मग तपकिरी होतो. उष्णता हे काम आणखी वेगाने करते. म्हणून कॅमेरा, उजेड, फोकस सगळे आधी एका खोट्या ताटलीवर जुळवून घ्यावे. कोथिंबिरीचे देठ बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवले की पाने पुन्हा ताठ होतात. ती पुरती टिपून, चिमट्याने एकेक ठेवावीत, आणि लिंबाची फोड न पिळता बाजूला. शेव सर्वांत शेवटी. ती ओलावा शोषून फुगते, आणि फुगलेली शेव खाताना जशी ओळखू येते तशीच फोटोतही.

एक अडचण घरोघरची आहे. उन्हाळ्यात नागपुरात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलरचा झोत कोथिंबिरीला सतत हलवतो. १ मिलिमीटरच्या खोलीत पानाची एवढीशी थरथरही फोटो घालवते. कूलर बंद करावा, काम उरकावे, पुन्हा लावावा. दुसरा मार्ग नाही. मी मेमधल्या एका दुपारी तो चालू ठेवून चाळीस फोटो काढले आणि एकही वापरता आला नाही.

पेये

कोरड्या हवेचा दुसरा परिणाम पेल्यावर दिसतो. किनाऱ्याकडे बर्फ घातलेला पेला लगेच घामाघूम होतो. नागपूरच्या मेमध्ये बाष्पच कमी, त्यामुळे काचेवर दव उशिरा आणि विरळ धरते, आणि उडतेही लवकर. व्यावसायिक छायाचित्रकार त्यासाठी ग्लिसरीन आणि पाणी समसमान मिसळून काचेवर फवारतात, बर्फाऐवजी ॲक्रिलिकचे खडे घालतात. पन्ह्यात केशर टिपायचे असेल तर काडी आधी कोमट पाण्यात भिजवू नये. रंग उतरून काडी फिकी पडते. थंड पन्ह्यावर कोरडी काडी सोडावी आणि तिच्याभोवती पिवळा धूर पसरू लागताच फोटो घ्यावा. पुदिन्याला हाताने चोळू नये. जिथे पेशी फुटतात तिथे पान काळे पडते.

पण नागपूरचे म्हणून जे एकच चित्र सांगायचे, ते संत्र्याच्या सालीचे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या संत्र्याची साल सैल असते, बोटांनी सहज सुटते आणि तिच्यावरच्या तेलाच्या पुटकुळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सालीची पट्टी पेल्यावर धरून बाहेरच्या बाजूने दुमडली की या पुटकुळ्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. लिंबूवर्गीय फळांच्या या फवाऱ्यांवर फ्लोरिडातील संशोधकांनी २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तेलाच्या धारा सेकंदाला १० मीटरहून अधिक वेग गाठतात आणि त्यांचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट होते असे आढळले. हे टिपायला शटरचा वेग पुरत नाही. खोली अंधारी करून, मागे काळे कापड लावून, फवाऱ्याच्या मागच्या बाजूने फ्लॅश कमी शक्तीवर मारावा. शक्ती जितकी कमी तितकी चमक अल्पकाळाची, आणि थेंब हवेत थिजल्यासारखे दिसतात. साल ताजीच हवी. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कळमन्याच्या बाजारात येतात, तेव्हा हा प्रयोग करावा. चार दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या फळाची साल वातड होते, फवारा उडत नाही. हे तेल ज्वलनशील आहे, तेव्हा जवळ मेणबत्ती ठेवू नये.

खरे आणि बनावट

सजावट वर दिसावी म्हणून केलेल्या युक्त्यांचा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या एका सूप कंपनीच्या जाहिरातीत भाज्यांचे तुकडे तळाशी जाऊ नयेत म्हणून वाडग्यात काचेच्या गोट्या घातल्या होत्या. फेडरल ट्रेड कमिशनपुढचे ते प्रकरण १९७० मध्ये, असे पुन्हा न करण्याच्या आदेशाने मिटले. भारतात खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे विनियम आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. काचेवरच्या ग्लिसरीनबद्दल मला आक्षेप नाही, कारण कुणी पेला विकत नाही. तर्रीत खाण्याचा रंग ओतणे मात्र खाणाऱ्याची फसवणूक आहे. तिची गरजही पडत नाही: रस्सा पाच मिनिटे न ढवळता ठेवला की तेल आपोआप वर येते. पोह्यांच्या ढिगावर हरभरे वरच राहतात. सावजी रश्श्यात तुकडे बुडतात, तिथे खोल वाटीऐवजी उथळ ताटली घ्यावी, आधी तुकडे मांडावेत, मग बाजूने रस्सा सोडावा आणि तर्री पळीने सर्वांत शेवटी.