एमजीबीचा उंबरठा आणि गंजाचे रसायन

जुनी एमजीबी गाडी विकत घ्यायला गेलेला जाणकार रंगाची चकाकी किंवा इंजिनाचा आवाज यांच्याआधी खाली वाकून दारांखालची पत्र्याची पोकळ पट्टी तपासतो. उंबरठ्यासारख्या दिसणाऱ्या या भागाला सिल म्हणतात आणि इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या स्पोर्ट्स कारचे आयुष्य बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

तिच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा, होती. एमजीबीमध्ये मात्र ते काम बॉडीच्या पत्र्यावरच सोपवण्यात आले. बंद गाडीत छपराचाही त्याला हातभार लागतो, पण उघड्या रोडस्टरला छप्परच नसल्यामुळे वाकण्याचा आणि पिळवटण्याचा ताण मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलना आणि गाडीच्या तळात मधोमध असलेल्या बोगद्यासारख्या उंचवट्याला पेलावा लागतो. पातळ पत्रा पेटीसारखा बंद केला की पिळाला चांगला विरोध करतो, म्हणून अनेक पत्रे जोडून सिल पोकळ बनवलेली असते.

नेमकी हीच पोकळी गंजाच्या पथ्यावर पडते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खारे पाणी चिखलासह पत्र्यांच्या सांध्यांत शिरते. फटीतल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो, बाहेरच्या पाण्याला तो हवेतून मिळत राहतो आणि या तफावतीमुळे एकाच पत्र्यावर लहानसा विद्युतघट तयार होतो: आत लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागते आणि बाहेरचा ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. मिठाच्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहत असल्याने ही क्रिया वेग धरते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सांधे आतून फाकतात आणि वरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा कुजून गेलेला असतो.

अशा सिलवर वरून ठिगळ लावून रंग देणे ही मला पुढच्या मालकाची फसवणूकच वाटते. ती कापून नवी बसवायची तर गाडीला खालून नीट आधार द्यावा लागतो आणि दाराच्या चौकटीत तात्पुरत्या आडव्या सळया जोडाव्या लागतात. नाहीतर बॉडी मध्येच खचते आणि वेल्डिंग झाल्यावर दार लागतच नाही. म्हणूनच चांगला कारागीर पक्के वेल्डिंग करण्यापूर्वी दार पुनःपुन्हा लावून भोवतीची फट मोजतो. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग जळतो, तेव्हा शेवटी पोकळीत पातळ मेण फवारतात. ते फटींत झिरपून पाण्याला अडवते. मात्र सिलच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके त्या मेणाने बुजू द्यायची नसतात.