ट्रायपॉड : क्षेत्र छायाचित्रणातील निवड आणि वापर (नाशिक परिसर)

कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी वापरायचे तीन पायांचे, घडी होणारे साधन. स्टुडिओतला ट्रायपॉड सपाट फरशीवर उभा राहतो आणि तिथेच राहतो. रानात, गडावर किंवा पाणथळीत न्यायचा ट्रायपॉड मात्र दर वेळी वेगळ्या जमिनीवर रोवावा लागतो. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरचा गाळ, अंजनेरीचे कातळी पठार, त्र्यंबकच्या डोंगरांतले उभे कडे आणि पांडवलेण्यांतला अंधार हे सगळे एकमेकांपासून फार लांब नाही. त्यामुळे इथे भटकणाऱ्या छायाचित्रकाराला एकाच ट्रायपॉडकडून पुष्कळ कामे करून घ्यावी लागतात.

पाय तीनच असण्याचे कारण भूमितीत आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच, म्हणून तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही लंगडत नाही. हातात कॅमेरा धरून काढलेला फोटो हलू नये म्हणून शटरचा वेग निदान लेन्सच्या नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) व्यस्त प्रमाणात ठेवतात, म्हणजे ५०० मिमी लेन्सला १/५०० सेकंद. लेन्स आणि सेन्सरमधल्या कंपरोधक यंत्रणेमुळे ही अट आता बरीच सैल झाली आहे. तरीही धबधबा, तारे, फुलांचे अगदी जवळून काढलेले फोटो आणि जड लेन्स घेऊन तासन्‌तास पक्ष्यांची वाट बघणे या कामांना ट्रायपॉडवाचून गत्यंतर नाही.

पाय

खोक्यावर कमाल उंची आणि किती किलो वजन पेलते ते ठळक छापलेले असते. यातला वजनाचा आकडा फारसा मनावर घेऊ नये, कारण तो मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एक पद्धत नाही. आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसला की पुरे. त्यापेक्षा दुकानातच पाय पूर्ण उघडून, वरची प्लेट हातात धरून हलकेच पिळून बघावी. पाय स्प्रिंगसारखे वळून परत येत असतील तर तो ट्रायपॉड वाऱ्यात टिकणार नाही. कॅमेरा लावून स्क्रीनवरचे चित्र दहापट मोठे करावे आणि लेन्सला बोटाने टिचकी मारावी. थरथर किती वेळात थांबते हे तिथल्या तिथे दिसते, आणि दोन ट्रायपॉडमधला फरक सांगायला विक्रेत्याची गरज उरत नाही.

खरा प्रश्न पाय एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हा आहे. प्रत्येक पाय वेगवेगळ्या कोनात अडकवता आला पाहिजे, अगदी जमिनीला जवळजवळ समांतर होईपर्यंत. कॅमेरा वर उचलणारा मधला दांडा आखूड किंवा काढता येणारा असावा. लांब दांडा असेल तर पाय कितीही पसरले तरी कॅमेरा खाली येत नाही. दांडा आडवा करता येणारेही ट्रायपॉड मिळतात, फुलांच्या फोटोंसाठी ते सोयीचे असतात. बेन्बो या ब्रिटिश ट्रायपॉडमध्ये एकच खिटी सैल केली की तिन्ही पाय आणि दांडा एकदम मोकळे होतात, मग हवा तो आकार देऊन खिटी आवळायची. सवय होईपर्यंत दुसरा हात कॅमेऱ्याखालून काढू नये हे बरे. त्याच्या पायांची जाड नळी खालच्या बाजूला असते, त्यामुळे उथळ पाण्यात सांध्यात पाणी शिरत नाही.

चार-पाच टप्प्यांचे पाय घडी केल्यावर आखूड होतात आणि दुचाकीवर किंवा एसटीच्या फळीवर सहज मावतात. पण शेवटची नळी बारीक असते, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो. तीन टप्प्यांचा ट्रायपॉड जास्त ताठ राहतो. उंची कमी हवी असेल तर बारीक नळ्या आतच ठेवाव्यात आणि जाड आधी उघडाव्यात. मधला दांडा सर्वांत शेवटी वर काढावा. कार्बन फायबरचे पाय गित्झो या कंपनीने १९९४ मध्ये प्रथम बाजारात आणले. ते हलके असतात आणि कंप लवकर शोषून घेतात. ॲल्युमिनियम स्वस्त आणि दणकट, पण हिवाळ्यातल्या पहाटे हाताला बर्फासारखे लागते. गड चढणाऱ्याने कार्बनसाठी पैसे साठवावेत. गाडीपासून शंभर पावलांत काम असणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरते.

हेड

पायांच्या वर हेड, म्हणजे कॅमेरा धरून हवा तसा वळवणारा भाग, बसतो. पायांवरचा स्क्रू बहुधा ३/८ इंचाचा आणि कॅमेऱ्याखालचा पाव इंचाचा असतो. सर्वसाधारण भटकंतीला बॉल हेड सोयीचे: एक नॉब सैल केला की कॅमेरा हवा तसा फिरतो. इमारती आणि शिल्पांना तीन वेगळे दांडे असलेले पॅन-टिल्ट हेड अचूक पडते, आणि लांब लेन्सला तिला तोलून धरणारे गिंबल हेड. कॅमेऱ्याखाली लावून हेडमध्ये अडकवायची प्लेट आर्का-स्विस या प्रचलित मापाची घ्यावी. पुढे हेड बदलले तरी प्लेटा बदलाव्या लागत नाहीत.

नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला आणि आजची पाणथळ तयार झाली. रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून २०२० मध्ये जाहीर झालेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या येतात. जांभळी पाणकोंबडी आणि शेकाट्या तर सहज दिसतात. ४०० ते ६०० मिमी लेन्सला तिच्या कॉलरवरून (लेन्सभोवतीच्या कड्यावरून) ट्रायपॉडला जोडावे. कॅमेऱ्याखालून जोडले तर लेन्सचे वजन पुढे ओढ घेते, फोटो हलतो आणि माउंटवरही (लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावरही) ताण येतो.

काठाच्या गाळात पाय पूर्ण फाकवून दाबू नयेत. पाय खाली रुतताना बाहेरच्या बाजूला सरकतात आणि वरच्या बिजागरीवर ताण येतो. थोडे मिटलेल्या स्थितीत रोवावेत, रुतता रुतता ते आपोआप फाकतात. पायांखाली डब्यांची प्लॅस्टिकची झाकणे ठेवली तर रुतणेच कमी होते. निरीक्षण मनोऱ्यावर अडचण उलटी असते: कुणी जिना चढू लागले की सगळा मनोरा थरथरतो. अशा वेळी पावले थांबेपर्यंत थांबावे, किंवा शटरचा वेग वाढवावा. पक्ष्यांसाठी हेड घट्ट आवळून ठेवायचे नसते. गिंबलवर लेन्स तोलून बसवली की बोटाने ढकलावी तिकडे वळते आणि हात सोडला की तिथेच थांबते. गाडीतून फोटो काढणाऱ्याने ट्रायपॉड गाडीतच ठेवावा. खिडकीच्या कडेवर धान्याने भरलेली छोटी पिशवी ठेवली की लेन्स तिच्यावर छान बसते.

पठार, धबधबे आणि गड

अंजनेरीवर पावसाळ्यात कंदीलपुष्पाची, या डोंगराचेच नाव मिळालेली जात फुलते: सेरोपेजिया अंजनेरिका. वनस्पती बुटकी, फूल लहान, आणि वारा थांबायचे नाव घेत नाही. इथे पाय आडवे पसरून कॅमेरा जमिनीलगत आणावा लागतो. फूल सगळे स्पष्ट यावे म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन ते नंतर एकत्र करतात. त्या वेळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. पाय टेकवण्याआधी खाली दुसरे रोप नाही ना ते बघावे. दुर्मीळ फुलाचा फोटो काढताना शेजारचे रोप चिरडणारा ट्रायपॉड घरीच राहिलेला बरा.

उतारावर एक पाय चढाकडे आणि दोन उताराकडे ठेवतात. वाऱ्यात मधल्या दांड्याखालच्या आकड्याला पिशवी अडकवण्याचा सल्ला सगळे देतात, पण लोंबकळती पिशवी वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. ती जमिनीला टेकेल इतपतच लटकवावी. बेसॉल्टच्या ओल्या कातळावर पायांखालची लोखंडी टोके घसरतात, तिथे रबरी पायच बरे, टोके माती-गवतासाठी. सोमेश्वरच्या किंवा दुगारवाडीच्या धबधब्याला पाव ते एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले की पाणी दुधासारखे दिसते. त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा, आणि जुन्या लेन्सची कंपरोधक यंत्रणा बंद करावी. काही जुन्या यंत्रणा स्थिर ट्रायपॉडवरही कंप शोधत बसतात आणि स्वतःच चित्र सरकवतात.

हरिहर गडाच्या पायऱ्या उभ्या कड्यात कोरलेल्या आहेत आणि चढताना हात खोबण्यांत घालावे लागतात. तिथे ट्रायपॉड हातात तर नकोच, पिशवीला आडवाही बांधू नये. तो कातळाला अडकतो आणि मागून येणाऱ्याच्या तोंडाशी येतो. पाठीवर उभा, वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळलेला असावा.

शहराच्या उजेडापासून दूर, बागलाणात साल्हेरच्या बाजूला किंवा सुरगाण्याकडे, हिवाळ्यात ताऱ्यांचे फोटो चांगले येतात. तारा रेघ न होता ठिपका राहावा म्हणून ५०० ला नाभीय अंतराने भागून येणारे सेकंद कमाल मानतात: पूर्ण फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीला सुमारे २०. ताऱ्यांची वर्तुळे हवी असतील तर ध्रुवाकडे तोंड करावे. नाशिकचा अक्षांश साधारण २० अंश उत्तर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. त्यामुळे उत्तरेकडचा एखादा डोंगर वर्तुळांच्या खाली फ्रेममध्ये सहज घेता येतो.

लेणी, मंदिरे आणि गर्दी

पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत आणि आतला प्रकाश बेताचा, म्हणजे ट्रायपॉडची गरज इथेच सर्वांत जास्त. पण ही लेणी आणि सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, आणि संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत. नियम जाचक वाटतो खरा, तरी जुन्या कोरीव फरशीवर लोखंडी टोके घासली गेल्यावर काय होते ते बघितले की त्यात तथ्य दिसते. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते, आणि हाताने दांडी फिरवून चालवायच्या त्या काळच्या चित्रपट-कॅमेऱ्याला भक्कम ट्रायपॉडशिवाय इलाजच नव्हता.

रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी, विशेषतः सिंहस्थात, पसरलेले तीन पाय म्हणजे लोकांना अडखळवायची सोय. तिथे एकपायी मोनोपॉड न्यावा.

निगा

पाण्यात उभे करताना सर्वांत खालचा सांधा पाण्याबाहेर राहील इतका शेवटचा टप्पा बाहेर काढावा. गाळातून परतल्यावर नळ्या आत ढकलू नयेत, नाहीतर वाळूचे कण नळ्या अडकवणाऱ्या लॉकमध्ये जाऊन बसतात. आधी पूर्ण उघड्या ठेवून धुवाव्यात, वाळवाव्यात, मगच मिटाव्यात. पिळायचे लॉक पावसाळ्यानंतर एकदा खोलून पुसले आणि आटे साफ केले की करकर थांबते. पायांच्या वरच्या बोल्टना लागणारी षट्‌कोनी चावी पिशवीत कायम ठेवावी, कारण ते गडावरच सैल होतात.