अल्यूशन बेटांवरील लोक व वस्ती

अलास्का द्वीपकल्पापासून रशियातील कॅमचॅटकाच्या दिशेने सुमारे १,९०० किमी. पसरलेल्या ज्वालामुखीजन्य अल्यूशन बेटांचे मूळ रहिवासी म्हणजे अल्यूट लोक. ते स्वतःला उनांगन म्हणवतात. ‘अल्यूट’ हे नाव रशियनांनी रूढ केले.

हे लोक कोठून आले, हा जुना वाद. आशियातून थेट पश्चिमेकडून आले असावेत, असे काही अभ्यासकांनी सुचविले होते. परंतु मधल्या कमांडर बेटांवर १७४१ पूर्वीच्या मानवी वस्तीची खूण सापडलेली नाही. त्या वर्षी रशियाच्या सेवेतील समन्वेषक बेरिंगचे जहाज तेथे फुटले, तेव्हा इतरत्र नामशेष झालेली अवाढव्य, संथ समुद्रगाय किनाऱ्यालगत निर्धास्त चरत होती. शिकारी माणूस तेथे आधी नांदला असता, तर ती उरली नसती. पूर्वेकडील उम्नाक बेटाजवळच्या अनांगुला बेटावरील दगडी पाती साधारणतः ८ ते ९ हजार वर्षांपूर्वीची मानतात, तर पश्चिम टोकाची वस्ती बहुधा तीन-साडेतीन हजार वर्षांचीच. त्यामुळे पूर्वेकडून टप्प्याटप्प्याने प्रसार झाल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. कवट्यांच्या ठेवणीवरून मानवशास्त्रज्ञ हर्डलिच्का यांनी एका लोकसमूहाची जागा दुसऱ्याने घेतली, असे मांडले. मात्र दोन्ही ठेवणींचे लोक इ. स. १००० नंतरही समकालीन असल्याचे नव्या कालमापनातून दिसते.

बेटांवर वृक्ष जवळजवळ नाहीत. लाटांबरोबर आलेले लाकूड व देवमाशाची हाडे उभारून त्यांवर गवत आणि माती रचत. अशा अर्धवट भुयारी घरात छतातल्या भोकातून, खाचा पाडलेल्या ओंडक्यावर पाय देत उतरावे लागे. समुद्रसिंहाच्या आतड्याच्या पट्ट्या शिवून केलेला पाणी न शिरणारा अंगरखा घालून पुरुष कातडी होडीतून शिकारीला जात. अशा शिवणकामात उनांगन स्त्रियांचे कसब थक्क करणारे होते.

रशियन आगमनापूर्वीची लोकसंख्या बहुधा १२ ते १५ हजार धरतात. समुद्री ऊदमांजराच्या कातड्यासाठी झालेली सक्ती, कत्तली व रोगराई यांमुळे ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन-अडीच हजारांवर आली. १८६७ मध्ये अलास्काबरोबर ही बेटे अमेरिकेकडे गेली.

१९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानने पश्चिमेकडील अट्टू व किस्का ही बेटे घेतली. अट्टूच्या सुमारे ४० रहिवाशांना होक्काइडोवरील ओतारू येथे नेले; जवळजवळ निम्मे तेथेच दगावले. इतर बेटांवरील सुमारे ८८० जणांना अमेरिकी सरकारने आग्नेय अलास्कातील मोडकळीस आलेल्या छावण्यांत ठेवले. तेथेही बरेच मृत्यू झाले. १९८८ च्या कायद्याने भरपाई मिळाली. युद्धानंतर अट्टूच्या वाचलेल्यांना मात्र घरी परतू दिले नाही. त्यांतील बहुतेक अट्का बेटावर राहिले. अट्टूचे गाव पुन्हा वसले नाही.